शहाण्णवातले अकरा

नीलिमा मेश्रामच्या आजोबांचे, म्हणजे आईच्या वडिलांचे, पाय लाखोळीनं गेले होते. भंडाऱ्याकडे ज्या डाळीला लाखोळी म्हणतात तिलाच रायपुरात तिवरा म्हणतात. धान निघालं की उरलेल्या ओलीवर दाणे फेकून द्यायचे. पुढं पाणी मिळो न मिळो, पीक येतंच. म्हणून टंचाईच्या वर्षी घरात तेच उरतं. आजोबांच्या तरुणपणी अशाच एका वर्षी मालकानं सहा महिने मजुरीत दुसरं काही दिलं नाही. लाखोळीची भाकर आणि लाखोळीचंच वरण. एक दिवस बांधावरून उतरताना ते पडले, आणि त्यानंतर त्यांच्या टाचा कधी जमिनीला टेकल्या नाहीत. त्या दाण्यात विष असतं, अधूनमधून खाल्लं तर काही होत नाही, रोज खाल्लं तर पाय जातात, हे त्यांना पन्नास वर्षांनी नातीनं सांगितलं. ते म्हणाले, "मंग त्यातलं इख काढून टाका नं. दाना चांगला हाय."

नीलिमा नागपूरहून एम.एस्सी. होऊन रायपूरला घरी परत आली तेव्हा नवं राज्य दीड-दोन वर्षांचं होतं. जुन्या हॉस्पिटलात मंत्रालय बसलं होतं, कुणाच्या बंगल्यात संचालनालय, कुणाच्या गॅरेजात रेकॉर्ड रूम. अशाच एका भाड्याच्या दुमजली घरात पिकांच्या जनुकांवर काम करणारं एक छोटं केंद्र उघडलं होतं. खालच्या मजल्यावर ऑफिस, वर लॅब, गच्चीवर हिरव्या जाळीखाली रोपांचे ट्रे. केंद्राच्या प्रमुख होत्या डॉ. सरोजिनी राजिमवाले. जबलपूरला वीस वर्षं मटारावर काम करून त्या आपल्या गावी, ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी परत आल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. आई-वडील गेल्यावर वरच्या मजल्यावर एकट्याच राहत.

मुलाखतीत बाकीच्यांनी नीलिमाला वडील काय करतात, घर कुठल्या कॉलनीत, हेच विचारलं. वडील भैय्यालाल रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले होते, हे तिनं सांगितलं. सरोजिनीबाई शेवटी बोलल्या. तिवऱ्याचं तू काय करशील, एवढंच त्यांनी विचारलं. नीलिमा वीस मिनिटं बोलत राहिली, आणि तिला कुणी थांबवलं नाही.

पुढची अडीच वर्षं तिच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं होती. हे ती आजही कबूल करते, म्हणून जे झालं ते जास्त लागतं.

अडचण अशी होती की तिवऱ्याचा डीएनए भाताच्या पंधरापटीहून मोठा. त्यात कामाची जनुकं मूठभर, बाकी सगळी तीच ती अक्षरं लाखो वेळा लिहिलेली. विषाचं जनुक शोधायचं तर आधी हा भरताड बाजूला काढून जनुकांचा भाग तेवढा हाती यायला हवा. सगळं वाचत बसणं त्या काळात मोठ्या देशांनाही परवडत नव्हतं. सरोजिनीबाईंनी तिला त्यावरची पद्धत आपल्या स्वयंपाकघरात शिकवली. गॅसवर फरे, तांदळाच्या पिठाच्या वळ्या, उकडत होते, आणि त्या कणकेच्या परातीत बोटानं रेघा ओढत होत्या. डीएनएचे बारीक तुकडे करायचे. उकळायचे, म्हणजे जोडीचे दोन्ही धागे सुटे होतात. मग गार करून वाट बघायची.

"मडईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली असं समज," त्या म्हणाल्या. "ज्यांच्या गावचे हजार लोक आलेत त्यांना आपलं माणूस लगेच भेटतं. ज्याचं एकच माणूस आलंय तो फिरत राहतो. शिट्टी वाजली तेव्हा जे एकटे असतील, ते आपले."

जोडी जमलेले धागे एका पांढऱ्या भुकटीच्या कॉलमला चिकटतात, एकटे धागे पाण्याबरोबर खाली येतात. खाली येतात त्यांत जनुकं जास्त. ते जीवाणूंत वाढवायचे, त्यांतले शहाण्णव उचलून एका प्लेटमध्ये भरायचे आणि अक्षरं वाचून घ्यायला हैदराबादला पाठवायचे.

त्या दिवशी घरी आल्यावर आईनं, शेवंताबाईंनी, पहिला प्रश्न विचारला होता की चहा कोणत्या कपात दिला. नीलिमा म्हणाली, त्या ज्यात पीत होत्या तसल्याच. दुसऱ्या दिवशी शेवंताबाईंनी सरोजिनीबाईंसाठी डब्यात कोथिंबिरीची सांबारवडी दिली. मग ते नेहमीचंच झालं. तो डबा कधी रिकामा परत आला नाही. कधी फळं, कधी गोड खुरमी.

काम मात्र होत नव्हतं. शहाण्णव तुकड्यांत चार जनुकं, कधी पाच. काही न गाळताही एखाददोन तर सापडतातच. नीलिमानं तापमान बदललं, तास वाढवले, मीठ कमीजास्त केलं. दोन हजार चारच्या दिवाळीनंतर तिला सुचलं की कॉलममधून एकदा खाली आलेलं पुन्हा उकळून, पुन्हा तितकंच थांबून, दुसऱ्यांदा गाळावं. सरोजिनीबाईंनी हिशेब तपासला आणि म्हणाल्या की डोकं चालवलंस, बेटा. मार्चमध्ये दिल्लीची समिती येणार होती. त्यांनी आकडा बघून केंद्र चालू ठेवायचं की नाही ते ठरवायचं होतं. दुहेरी गाळणीचा नमुना फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तयार झाला. शनिवारी, बारा तारखेला सकाळी तो जीवाणूंत घालायचा होता.

शनिवारी सकाळीच भंडाऱ्याहून फोन आला. आजोबा गेले.

नीलिमा लॅबमध्ये नमुन्याची नळी हातात घेऊन उभी होती. तिला काय करावं ते कळेना. सरोजिनीबाईंनी तिच्या हातातून नळी काढून घेतली.

"तू जा," त्या म्हणाल्या. "पुढचं मी करते. अर्जबिर्ज काही नको लिहूस."

ती बुधवारपर्यंत गावी राहिली. घरात शिकलेली तीच, म्हणून सोमवारी ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करायला तीच गेली. फॉर्म भरला, खाली सही केली. गुरुवारी परत आली तेव्हा सरोजिनीबाईंनी प्लेट हैदराबादला पाठवूनही दिली होती. वहीत लिहायचं तेवढं त्यांनी एका चिठ्ठीवर टिपून ठेवलं होतं. नीलिमानं ते तारखेनुसार आपल्या अक्षरात उतरवून घेतलं. मग त्यांनी हजेरीपट पुढं केला. सही करून टाक, म्हणाल्या, मेल्या माणसासाठी रजा कशाला घालवतेस. नीलिमाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं शनिवार, सोमवार, मंगळवार, बुधवार अशा चारही चौकोनांत सह्या केल्या.

तीन आठवड्यांनी आकडा आला. शहाण्णवात एक्केचाळीस.

नीलिमानं तो तीनदा मोजला. एवढं जगात कुणाला मिळालं असेल तर थोड्यांनाच. सरोजिनीबाईंनी तिला जवळ घेतलं, आणि वर-खाली दोन्ही मजल्यांवर पेढे वाटले. समितीसमोर त्या स्वतः बोलल्याच नाहीत. त्यांनी नीलिमाला उभं केलं आणि एवढंच सांगितलं की कल्पना हिची, हात हिचे, मी फक्त छत्री धरली. समितीनं केंद्राला तीन वर्षं वाढवून दिली. वर्तमानपत्रात नीलिमाचा फोटो आला. चौदा एप्रिलला कॉलनीतल्या बुद्धविहारात तिचा सत्कार झाला. भैय्यालाल पहिल्या ओळीत कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. दहावी-बारावीच्या मुली समोर होत्या. नीलिमानं त्यांना सांगितलं की अडीच वर्षं मला काही मिळालं नाही, पण खोटं काही लिहिलं नाही, म्हणून आज मिळालं.

हे वाक्य तिला पुढं फार दिवस ऐकू येत राहिलं.

मे महिन्यात ती शोधनिबंध लिहायला बसली. एक्केचाळीस तुकडे एकेक करून ती जगभरच्या साठ्याशी ताडून बघत होती. मटार हा तिवऱ्याचा चुलतभाऊ, तेव्हा मटाराशी साम्य निघणारच होतं. पण चुलतभावाचा चेहरा कितीही मिळता असला तरी हुबेहूब नसतो. इथं नऊ जनुकं मटाराशी अक्षरशः जुळत होती, एका अक्षराचाही फरक नाही. बाकीच्यांची मटाराची नोंद साठ्यात नव्हतीच, म्हणून ती सुटली होती. आधी तिला वाटलं, आपल्याच हातून कुठंतरी मटार मिसळला. मग तिला शेपट्या दिसल्या.

तीन तुकड्यांच्या टोकाला ए हे एकच अक्षर वीस-पंचवीस वेळा ओळीनं लिहिलेलं होतं. पेशी एखादं जनुक वापरायला घेते तेव्हा आधी त्याची नक्कल काढते, आणि त्या नकलेला अशी शेपटी लावते. मूळ डीएनएत ती नसते. म्हणजे हे तुकडे गाळून आलेलेच नव्हते. कुणीतरी मटाराच्या जनुकांच्या तयार नकला घेऊन प्लेटमध्ये भरल्या होत्या. चुकून नळीत नळी मिसळली तरी असं होत नाही. त्यासाठी बसून, निवडून, एकेक भरावं लागतं.

जबलपूरहून आलेला मटाराच्या नकलांचा डबा मोठ्या फ्रीजरच्या तळाला होता. तो कुणी उघडत नसे. नीलिमानं उघडला. बाकी डब्यांवर बर्फाचा जाड थर होता, याचं झाकण स्वच्छ होतं.

लॅबची भांडी धुणारे आणि रोपांना पाणी घालणारे मारोती गच्चीवर होते. भंडाऱ्याकडचेच, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. नीलिमानं त्यांना विचारलं की फेब्रुवारीत मी गावी गेले होते तेव्हा फ्रीजरमधला खालचा डबा कुणी काढला होता.

"म्याडमनं काढायले लावला नं दीदी," ते पाण्याची झारी खाली न ठेवताच म्हणाले. "दोन दिवस त्याच भरून राहिल्या होत्या प्लेटा. मले म्हणे, तू जा घरी. काहून, काही गेलं का त्यातलं?"

ती काही नाही म्हणाली आणि खाली आली. तिथून ती स्कूटीवर बसली ती थेट ब्राह्मणपाऱ्यात. त्या दिवशी रविवार नव्हता, पण सरोजिनीबाई डोकं दुखतं म्हणून दुपारीच घरी गेल्या होत्या. दार त्यांनीच उघडलं. नीलिमाच्या हातात छापलेले कागद होते. पहिल्याच कागदावर तीन शेपट्यांना तिनं लाल पेनानं गोल केले होते. सरोजिनीबाईंनी चष्मा लावला, पहिला कागद बघितला, आणि चष्मा काढून ठेवला. दुसरा त्यांनी बघितलाच नाही.

वाटेत नीलिमा मनाशी म्हणत आली होती की त्या काहीतरी सांगतील. असं काहीतरी, जे आपल्याला सुचलं नाही. गल्लीतून वर येईपर्यंत तिला ते खरंही वाटायला लागलं होतं.

"बस," सरोजिनीबाई म्हणाल्या. ती बसली नाही.

मग त्यांनी सांगितलं. लपवलं काही नाही. समिती केंद्र बंद करायला येत होती, हे त्यांना दिल्लीहून आधीच कळलं होतं. चौदा माणसं घरी गेली असती. त्यात नीलिमाचं नाव पहिलं, कारण ती कंत्राटी. पद्धत बरोबर होती, यात त्यांना शंका नव्हती, फक्त अजून दोन वर्षं लागली असती, आणि ती दोन वर्षं कुणी देणार नव्हतं. आता तीन मिळाली होती. त्या तीन वर्षांत खरा आकडा आणायचा आणि हे मागचं झाकून टाकायचं, एवढाच विचार होता. शेपट्यांकडे आपलं लक्ष गेलं नाही, हे त्या अशा सुरात म्हणाल्या की जणू चूक तेवढीच होती.

"माझा नमुना?" नीलिमानं विचारलं.

"आहे. टाकला नाही. उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये, माझ्या खणात."

"तो पाठवून पाह्यला होता का तुम्ही? एकदा तरी?"

सरोजिनीबाईंनी मान हलवली. पाठवला असता आणि पुन्हा पाच आले असते तर मग काहीच करता आलं नसतं.

"मंग माझं नाव काहून पुढं केलं?"

"काम तुझंच होतं म्हणून."

"नव्हतं," नीलिमा म्हणाली. "ते माझं नव्हतं मॅडम."

निघताना सरोजिनीबाई जिन्यापर्यंत आल्या. त्यांनी हळू आवाजात, जशा त्या नेहमी एखादी युक्ती सांगत तशा, सांगितलं की शेपटीवाले तीन काढून टाक. मटाराशी जुळणारे नऊही काढ. एकोणतीस उरतात. एकोणतीसही खूप झाले.

नीलिमाला राग आला नव्हता, असं ती सांगते. राग नंतर आला. त्या जिन्यावर तिला फक्त लाज वाटली, जसं काही आपणच पकडले गेलो. नऊचा आकडा तिनं त्यांना सांगितला नव्हता आणि पहिल्या कागदापलीकडे त्यांनी काही बघितलं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं. म्हणजे त्यांना नऊ आधीपासूनच माहीत होते.

घरी तिनं सगळं वडिलांना सांगितलं. तिला वाटलं होतं, बाबा म्हणतील सांगून टाक. भैय्यालाल खाटेच्या कडेवर बसले. मग म्हणाले, "गप राह्य." त्यांनी कारणही दिलं. तीस वर्षं कारखान्यात त्यांनी पाहिलं होतं की वॅगन घसरली की साहेबाचं नाव कागदावर येत नाही. शेवटचा हातोडा कोणी मारला, तेवढंच विचारतात. उद्या लोक म्हणतील मेश्रामच्या पोरीनं खोटं केलं. राजिमवालेबाईंचं नाव कोणी घेणार नाही. शेवंताबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरोजिनीबाईंचा डबा केला नाही, एवढंच.

नीलिमा आठ दिवस गप्प राहिली. लॅबमध्ये जात होती, सरोजिनीबाईंशी कामापुरतं बोलत होती. त्या तिच्याशी नेहमीसारख्याच वागत होत्या. एकदा तर त्यांनी तिच्या टेबलावर फराळ आणून ठेवला. त्या दिवशी तिनं समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. दोन पानं, सोबत एक्केचाळीस तुकड्यांची यादी. कोणाबद्दल वाईट लिहिलं नाही. काय दिसलं, मारोतींनी काय सांगितलं आणि सरोजिनीबाई काय म्हणाल्या, ते लिहिलं. मग ती त्यांच्या खोलीत गेली आणि पत्राची प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उभ्यानंच वाचली, घडी घातली आणि म्हणाल्या, "ठीक आहे." त्यानंतर त्या तिला बेटा म्हणाल्या नाहीत.

जुलैत तीन जणांची चौकशी आली. त्यांत एक वयस्क गृहस्थ होते, यशवंतराव, कुठल्याशा विद्यापीठातून निवृत्त झालेले. ते फार बोलत नव्हते. सरोजिनीबाईंनी वही समोर ठेवली. चौदा आणि पंधरा फेब्रुवारीचं काम नीलिमाच्या अक्षरात होतं. हजेरीपट ठेवला. चारही दिवस तिच्या सह्या होत्या. रजेचा अर्ज नव्हता. त्या म्हणाल्या की माझा हिच्यावर पूर्ण विश्वास होता, म्हणून मी लक्ष घातलं नाही, ती माझी चूक.

नीलिमा समोर बसून ऐकत होती. तिला फेब्रुवारीतली ती सकाळ आठवली, अर्जबिर्ज काही नको म्हणणारा आवाज आठवला. तेव्हा ती माया होती की तेव्हाच ठरलेलं होतं, हे तिला आजपर्यंत कळलेलं नाही. तिनं ते कधी विचारलंही नाही, कारण दोन्हीपैकी कुठलंही उत्तर तिला नको होतं.

मारोतींना बोलावलं. ते हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले की साहेब, एवढ्या दिवसांचं काही ध्यानात नाही. बाहेर आल्यावर ते नीलिमाजवळ थांबले.

"दोन वर्सं राहिली दीदी," ते म्हणाले. ती हो म्हणाली. त्यांच्यावर चिडायला तिच्यात जोर उरला नव्हता.

संध्याकाळी नीलिमानं हे घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं भैय्यालाल भंडाऱ्याला गेले. सासऱ्यांच्या गावच्या ग्रामपंचायतीत ग्रामसेवक भेटेना, म्हणून दोन दिवस पायरीवर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी ते शिक्क्याची नक्कल घेऊन आले. मृत्यू नोंदणी, चौदा फेब्रुवारी, माहिती देणारी: नात, नीलिमा भैय्यालाल मेश्राम, आणि खाली तिची सही. ते स्वतः तो कागद घेऊन केंद्रात आले. इस्त्रीचा तोच शर्ट होता. चौकशीवाल्यांच्या टेबलावर तो ठेवून ते म्हणाले, "माही पोरगी त्या दिवशी इथं नव्हती जी. ती मयतीत होती."

तो कागद खोटा म्हणण्याची कुणाची हिंमत नव्हती. पण त्याच कागदानं दुसरीही गोष्ट सिद्ध झाली, आणि ती चौकशीच्या अध्यक्षांनी लगेच उचलली. त्या दिवशी मुलगी गावी होती, तर मग हजेरीपटावर सही कशी? वहीत न केलेलं काम कसं? नीलिमानं खरं सांगितलं. तिनं खरं सांगितलं, ते लिहून घेतलं गेलं.

ऑगस्टच्या शेवटी आदेश निघाला. एक्केचाळीसचा निष्कर्ष मागे घेतला. नमुन्यांची सरमिसळ झाली, जबाबदारी निश्चित करता आली नाही. नीलिमा मेश्राम यांनी गैरहजर असताना हजेरी लावल्याचं त्यांनीच मान्य केलं असल्यानं त्यांचं कंत्राट पुढं वाढवू नये. सरोजिनीबाईंबद्दल एकच ओळ होती: देखरेखीत अधिक दक्षता घ्यावी.

आदेशात नसलेली एक गोष्ट मात्र झाली होती. चौकशीच्या शेवटच्या दिवशी यशवंतरावांनी नीलिमाला एकच प्रश्न विचारला होता की तुझी मूळ नळी कुठं आहे. तिनं सांगितलं. त्यांनी सगळ्यांसमोर तो खण उघडायला लावला. नळीवर नीलिमाच्या अक्षरात तारीख होती. त्यांनी ती बर्फात घालून आपल्याबरोबर नेली. हे चौकशीचं काम नव्हतं, आपली हौस समजा, असं ते बाकीच्या दोघांना म्हणाले.

सप्टेंबरात त्यांचा फोन आला. त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थिनीकडून शहाण्णव तुकडे वाचून घेतले होते. शेपटी एकालाही नव्हती. मटाराशी जवळीक होती, पण हुबेहूब एकही नाही. जनुकं अकरा.

नीलिमानं फोन ठेवला. अकरा म्हणजे एक्केचाळीस नव्हते. पण चार-पाचही नव्हते. आधीच्या दुपटीहून जास्त, आणि तेही पहिल्याच खेपेला. तिची दुहेरी गाळणी चालली होती. बारा फेब्रुवारीला, ती गाडीत बसून आजोबांच्या मयतीला जात होती तेव्हाही, ती नळी खरीच होती. कुणी ती उघडून बघितली नव्हती, एवढंच. तेव्हा पहिल्यांदा तिला राग आला. बदललेल्या प्लेटचा नाही, वहीचा नाही, हजेरीचाही नाही. हिला जमणार नाही, असं त्या बाईंनी न बघताच धरून चाललं होतं, याचा.

त्या रविवारी ती विहारात गेली. वंदना झाल्यावर दोन मिनिटं बोलायला मागितली. एप्रिलमध्ये मी सांगितलेला आकडा खोटा होता, तो मी केला नव्हता, पण मी तो तुम्हाला सांगितला, ती म्हणाली. खरा आकडा अकरा आहे. मागं बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं की अकरा चांगले की वाईट. नीलिमा म्हणाली, "चांगले आहेत, मावशी. थोडे आहेत, पण आपले आहेत." भैय्यालाल दाराजवळ उभे होते. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नंतर चहा झाला आणि दोन मुली जनुक म्हणजे काय ते विचारायला आल्या.

आपली पुस्तकं आणायला ती सोमवारी केंद्रात गेली. सरोजिनीबाई जिन्यातच भेटल्या. त्या पाच महिन्यांत त्या बऱ्याच वाळल्या होत्या. अकराची बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली नव्हती. नळी नेली, एवढंच त्यांना माहीत होतं.

"किती आले?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

त्यांनी कठडा धरला. त्यांचे ओठ हलले. त्या मनात हिशेब करत होत्या, अडीच वर्षं नीलिमानं बघितला होता तसाच. मग त्या म्हणाल्या, "अकरा पुरले असते गं. अकरांवर त्यांनी एक वर्ष तरी दिलं असतं."

"मले माहीत आहे," नीलिमा म्हणाली, आणि पुस्तकं घेऊन खाली उतरली.

पुढच्या वर्षी यशवंतरावांच्या त्या विद्यार्थिनीच्या लॅबमध्ये तिला जागा मिळाली, पुण्याला. तिथं तिनं तिसरी गाळणी घातली आणि अकराचे एकोणीस झाले. निबंधात यशवंतरावांचे आणि मारोतींचेही आभार आहेत. गच्चीवरचे तिवऱ्याचे ट्रे अडीच वर्षं मारोतींनीच जगवले होते. सरोजिनीबाईंचं नाव घालावं की नाही यावर ती दोन आठवडे अडली. पद्धत त्यांनीच शिकवली होती, हेही खरं होतं. शेवटी तिनं ते घातलं नाही. निबंध छापून आल्यावर ब्राह्मणपाऱ्याच्या पत्त्यावर त्याची एक प्रत मात्र पाठवली. सोबत चिठ्ठी नव्हती, आणि तिकडून उत्तर आलं नाही.